पाडव्याचा हिशेब



गेल्या वैशाखात पुण्याहून नातीचा दूरध्वनी आला. ती महाविद्यालयात इंग्रजी साहित्य शिकते. तिला अभ्यासाला नेमलेल्या एका कादंबरीत एका म्हाताऱ्या शेतमजुराचा उजवा हात कामावर असताना तुटतो आणि मालक त्याला २५० डॉलर देतो. नातीने विचारले, "आजोबा, तुम्ही बँकेत होतात. हे २५० डॉलर जास्त की कमी?"

प्रश्न सरळ होता. सदतीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला तो अवघड वाटण्याचे काही कारण नव्हते. मी म्हणालो, "पुस्तक पाठवून दे. वाचतो आणि सांगतो." उत्तर द्यायला मला काही महिने लागले. ते महिने कशात गेले, हे या महिन्याच्या सदरात सांगायचे आहे.

कादंबरीचे नाव 'ऑफ माइस अँड मेन'. लेखक जॉन स्टाइनबेक. त्यांचा जन्म १९०२ साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात सॉलिनास येथे झाला आणि १९६२ साली त्यांना साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. ही छोटीशी कादंबरी १९३७ सालची आहे. अमेरिकेत महामंदीचा काळ होता. माणसे पाठीवर अंथरुणाची वळकटी टाकून या शेतावरून त्या शेतावर काम शोधत फिरत होती. अशाच फिरत्या मजुरांपैकी जॉर्ज आणि लेनी हे दोघे सोलेदाद गावाजवळच्या एका मोठ्या शेतावर येतात. अंगाने राक्षसासारखा आणि बुद्धीने बालक असा लेनी, आणि त्याला सांभाळणारा जॉर्ज, यांची ती कथा आहे. समीक्षक बहुधा या दोघांविषयीच लिहितात. मी मात्र तिसऱ्याच माणसापाशी थांबलो. त्याचे नाव कँडी.

कँडी म्हातारा आहे. चार वर्षांपूर्वी याच शेतावर त्याचा उजवा पंजा गेला. आता त्याच्याकडे मजुरांच्या राहण्याच्या खोलीची झाडलोट तेवढी उरली आहे. त्याचे स्वतःचे असे एकच आहे, एक म्हातारा कुत्रा. पिल्लू असल्यापासून त्याने तो वाढवला आणि त्याच्यासोबत मेंढ्या राखल्या. आता कुत्र्याला दात नाहीत, संधिवाताने पाय आखडले आहेत, अंगाला वास येतो. कार्लसन नावाचा एक गडी त्या वासाला कंटाळतो आणि म्हणतो की याला गोळी घालून मोकळे करू. स्लिम नावाच्या सज्जन मुकादमाच्या शब्दाला तिथे मान असतो. तो तरी नाही म्हणेल, या आशेने कँडी त्याच्याकडे पाहतो. स्लिमही कार्लसनच्याच बाजूने बोलतो. आपण असे म्हातारे आणि पांगळे झालो तर आपल्यालाही कोणी गोळी घालावी, अशी इच्छा बोलून दाखवतो. कँडीचा नाइलाज होतो. कार्लसन कुत्र्याला अंधारात घेऊन जातो. खोलीतले लोक पत्त्यांचे आणि इकडचे तिकडचे बोलत राहतात, पण सगळ्यांचे कान बाहेर असतात. गोळीचा आवाज येतो आणि कँडी भिंतीकडे तोंड करून पडून राहतो.

आपल्या घरांत वाढलेल्या माणसाला हा प्रसंग वाचवत नाही. मीही पुस्तक मिटून ठेवले होते. पण कँडीला त्या रात्री कुत्र्याच्या मरणाबरोबर आणखी एक गोष्ट कळलेली असते, हे मला दुसऱ्या वाचनात उमगले. झाडलोटही जमेनाशी झाली की आपल्यालाही या शेतावरून काढतील आणि सरकारी अनाथालयाच्या भरवशावर सोडतील, असे तो पुढे जॉर्जला सांगतो. कुत्र्याला लावलेला हिशेब उद्या आपल्यालाही लागणार, हे त्याने ओळखलेले असते.

आता नातीचा प्रश्न. या शेतावर मजुराला महिन्याला ५० डॉलर मिळतात. म्हणजे उजव्या हाताचे २५० डॉलर हा पाच महिन्यांचा पगार झाला. कँडीने ते पैसे जपून ठेवले आहेत, शिवाय ५० डॉलर बँकेत शिल्लक टाकले आहेत आणि महिनाअखेर आणखी ५० यायचे आहेत. असे एकूण ३५० होतात. जॉर्ज आणि लेनीच्या मनात दहा एकरांचा एक तुकडा भरलेला आहे, किंमत ६०० डॉलर. कँडी ते बोलणे ऐकतो आणि आपले ३५० त्यात घालायला तयार होतो. त्या दोघांनी महिनाभर काही खर्च न करता १०० जमवायचे, म्हणजे ४५० होतील आणि व्यवहार बसेल, असे जॉर्ज मांडतो. कँडी आणखी एक गोष्ट देऊ करतो. आपल्याला कोणी नातेवाईक नाही, तेव्हा आपण मृत्युपत्र करून आपला हिस्सा तुमच्या नावे ठेवू, असे तो म्हणतो. मी नोकरीत कित्येक खातेदारांना वारसदाराचे नाव भरा म्हणून विनवण्या केल्या. त्या रकान्यात लिहायला नाव नाही म्हणून कागद परत देणारी माणसेही पाहिली. कँडीला मात्र पैशापेक्षा वारस सापडल्याचा आनंद मोठा होता, असे मला वाटले.

ती जमीन त्यांना मिळत नाही. लेनीच्या हातून नकळत एक खून होतो आणि अखेर जॉर्जलाच आपल्या मित्राला गोळी घालावी लागते. पिस्तूल तेच, कार्लसनचे. कँडी विचारून पाहतो की आपण दोघेच तिकडे जाऊ या का. जॉर्ज उत्तर देत नाही. कँडीचे पुढे काय झाले, ते लेखक सांगत नाही. सांगण्याची गरजही नाही.

त्याच शेतावर क्रुक्स नावाचा एक कृष्णवर्णीय गडी आहे. घोड्याच्या लाथेने त्याची पाठ वाकलेली आहे. गोऱ्यांच्या खोलीत त्याला प्रवेश नसल्यामुळे तो तबेल्याला लागून असलेल्या, घोड्यांचे सामान ठेवण्याच्या खोलीत एकटा राहतो. त्याच्या फळीवर औषधांच्या बाटल्यांशेजारी कॅलिफोर्नियाच्या दिवाणी कायद्याचे १९०५ सालचे एक जीर्ण पुस्तक आहे. लेखकाने हा तपशील एका ओळीत उरकला आहे. मला मात्र तो टोचला. का टोचला, ते पुढे येईल.

वाचकहो, असे म्हातारे आणि निकामी ठरवलेले श्रमिक शोधायला अमेरिकेला जाण्याची गरज नाही. याच सुमारास, १९३६ साली, प्रेमचंदांचे 'गोदान' प्रसिद्ध झाले. त्यातला होरी शेतकऱ्याचा मजूर होतो आणि उन्हात मजुरी करताना कोसळतो. त्याच्या बायकोने सुतळी वळून जमवलेले वीस आणे, म्हणजे सव्वा रुपया, एवढीच घरातली शिल्लक असते. मराठीत १९७१ साली आनंद यादवांची 'गोतावळा' आली. तिच्यातला नारबा हा शेतावरचा गडी. त्याचे लग्न झालेले नाही, गोठ्यातली जनावरे हाच त्याचा गोतावळा. मालक ट्रॅक्टर आणतो आणि एकेक जनावर वावरातून नाहीसे होते. नारबा म्हातारा नाही, पांगळाही नाही. पण यंत्र आले की हात फालतू होतात, हे त्याच्याइतके स्वच्छ मराठीत फार थोड्यांनी सांगितले असेल. त्याच वर्षी आपल्या लातूर तालुक्यातल्या काटगावचे रा. रं. बोराडे यांची 'पाचोळा' आली. ती गावातल्या एका शिंप्याची कथा, त्याच्या बायकोच्या तोंडून सांगितलेली. बोराडे सर २०२५ च्या फेब्रुवारीत गेले. आपल्या भागातली, आपल्याच बोलीतली माणसे त्यांनी मराठी वाचकांपुढे उभी केली. ज्यांनी 'पाचोळा' वाचली नसेल त्यांनी ती आवर्जून मिळवावी.

ही सगळी पुस्तके मी पूर्वी वाचली होती आणि वाचून हळहळलोही होतो. हळहळण्याला खर्च येत नाही. नातीच्या प्रश्नाने मात्र मला आमच्या घरच्या वह्यांपर्यंत नेले.

आमच्या वडिलांची औशाला अडत होती आणि जवळच्या खेड्यात बावीस एकर जमीन. आपल्या भागातल्या बहुतेक व्यापारी घरांप्रमाणे आमच्याकडेही सालगडी असे. तरुण वाचकांसाठी सांगतो: सालगड्याचे वर्ष पाडव्याला सुरू होते आणि पाडव्याला संपते. पाडव्याच्या आधी बोलणी होतात, रक्कम ठरते, काही उचल आगाऊ दिली जाते आणि मग वर्षभर तो माणूस मालकाच्या शेतात राबतो. दिवस किती तासांचा, हे कोठे लिहिलेले नसते. आज ही रक्कम लाखाच्या घरात गेली आहे. १९८५ साली आमच्या गड्याचे साल २,४०० रुपये होते. शिवाय वर्षाची ज्वारी, एक धोतरजोडी, एक घोंगडी आणि चपलांचा जोड.

आम्ही मुले त्यांना मामा म्हणत असू. मला पोहायला त्यांनीच विहिरीत उतरून शिकवले. १९८५ साली ते पंचेचाळीसच्या आसपास असतील. फाल्गुन सरत आला होता, खळ्यावर ज्वारीची मळणी चालू होती. इंजिनावर चालणारे मळणी यंत्र भाड्याने आणले होते. कणसे आत लोटताना सदऱ्याची बाही अडकली आणि उजवा पंजा यंत्राने घेतला. वडिलांनी त्यांना जीपमध्ये घालून लातूरला नेले. दवाखान्याचा सगळा खर्च केला, दोन रात्री स्वतः बाकावर झोपून काढल्या. वडील कठोर नव्हते, हे मला आधी नोंदवले पाहिजे.

पंधरा दिवसांनी पाडवा आला. मामांच्या अंगावर ६०० रुपये उचल निघत होती. वडील म्हणाले, "ती सोडून दे." मी तेव्हा बँकेत लागून तीन वर्षे झाली होती आणि सणाला घरी आलो की वह्या मीच लिहीत असे. मी खतावणीत गड्याच्या खात्यावर लिहिले, "माफी रु. ६००." अक्षर माझे आहे. वही अजून माळ्यावर आहे. या उन्हाळ्यात ती काढून मी ते पान पाहिले.

६०० रुपये म्हणजे किती? साल २,४००, म्हणजे महिना २००. म्हणजे तीन महिन्यांचा पगार, तोही हातात दिलेला नाही, फक्त मागणे सोडलेला. कँडीला पाच महिन्यांचा मिळाला होता.

आता क्रुक्सच्या फळीवरचे ते पुस्तक. मी १९८१ साली एम. कॉम. झालो. वाणिज्य शाखेत कामगारविषयक कायदे शिकवत आणि कामगार नुकसानभरपाई कायदा, १९२३ यावर मी परीक्षेत उत्तर लिहिलेले आहे. त्या कायद्याच्या अनुसूचीत यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या साधनांनी होणाऱ्या शेतीवर कामाला असलेला माणूस येत होता. कोणता अवयव गेला तर कमावण्याची क्षमता किती टक्के गेली असे धरायचे, याचा तक्ता त्यात होता: एका हाताचा पंजा गेल्यास ६० टक्के, अंगठा गेल्यास ३०. १९८४ च्या दुरुस्तीनंतर कायमच्या संपूर्ण अपंगत्वाची किमान भरपाई २४,००० रुपये होती. तिचे ६० टक्के म्हणजे १४,४०० रुपये. मामांचा बहात्तर महिन्यांचा, सहा वर्षांचा पगार. याशिवाय मळणी यंत्रांच्या अपघातांसाठी संसदेने १९८३ साली धोकादायक यंत्रे (नियमन) कायदा केलेला होता. तो होऊन दोन वर्षे झाली होती आणि आमच्या खळ्यावर त्याचे नावही कोणी ऐकलेले नव्हते.

वडिलांना हे ठाऊक नव्हते. मामांनाही नव्हते. त्या घरात ते ठाऊक असण्याचा संभव एकट्या माझा होता, आणि मी "माफी" असा शब्द लिहिला. जे देणे होते ते मी उपकाराच्या रकान्यात टाकले. बँकेत अशी चुकीची नोंद एखाद्या कारकुनाने केली असती, तर मी त्याला खुलासा विचारला असता.

पुढची हकीकत थोडक्यात. मामा बरे झाले. वडिलांनी त्यांना निम्म्या सालावर राखणीला आणि गोठ्याच्या झाडलोटीला ठेवले. कँडीचेच काम. दहा वर्षे ते चालले. मग धाकट्या भावाने ट्रॅक्टर घेतला आणि बैल काढायचे ठरले. त्यातला एक म्हातारा होता. त्याला बाजारात उभे करणे म्हणजे खाटकाच्या दोरीला देणे, हे आईला पटणे शक्य नव्हते. आम्ही त्याला पांजरपोळात पाठवले आणि त्याच्या चारापाण्यासाठी देणगी भरली. बैलाला टेंपोत चढवायला मामाच आले. एका हाताने त्यांनी कासरा धरला होता. टेंपो गेल्यावर ते वडिलांना म्हणाले, "बैलाची सोय लागली, मालक. बरं झालं."

त्या पाडव्याला मामांचे साल कोणी बोलले नाही. बैल नाहीत तर गोठा कशाला आणि गोठा नाही तर गडी कशाला, हे कोणाला बोलून दाखवावे लागले नाही. ते लेकीच्या गावी निघून गेले. पांजरपोळाच्या देणगीची पावती आमच्या वहीत टाचलेली आहे. तिच्या शेजारच्या पानावर मामांचे खाते आहे आणि त्याच्याखाली दोन समांतर रेघा मारून ते बंद केलेले आहे.

पांजरपोळाला मी कमी लेखत नाही. मुक्या, थकलेल्या जनावराला अखेरपर्यंत चारा मिळावा म्हणून आपल्या पूर्वजांनी संस्था उभ्या केल्या, याचा मला अभिमान आहे. कँडीच्या कुत्र्यावर जी वेळ आली ती आपल्या दारी येऊ दिली नाही. पण श्रावकाच्या अहिंसाणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध हे दोन आहेत. पेलणार नाही एवढे ओझे लादणे, आणि आपल्यावर अवलंबून असलेल्याचे अन्नपाणी तोडणे. लहानपणापासून स्वाध्यायात ही नावे ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे नेहमी बैल आणि घोडे येत. माणूस कधी आला नाही. शास्त्राने त्याला वगळलेले नाही. ते मी वगळले.

मामा मला पुढे एकदा भेटले. निवृत्तीच्या दहाएक वर्षे आधी, मी ज्या शाखेत होतो तिथे ते निराधार अनुदानाचे पैसे काढायला आले. उजवा हात नव्हता, पण बँकेत पुरुषाचा डाव्या अंगठ्याचा ठसा घेण्याची रीत आहे, त्यामुळे काम अडले नाही. मी त्यांना आत बोलावले, चहा पाजला. त्यांनी आईची, भावाची, मुलांची चौकशी केली. मी त्यांना विचारू नये ते विचारले नाही आणि विचारायला हवे तेही विचारले नाही. चार वर्षांनी ते गेल्याचे कळले.

दर संवत्सरीला आम्ही क्षमापनेची पत्रे पाठवतो. पूर्वी छापून पाठवत होतो, आता भ्रमणध्वनीवर पाठवतो. अडतीचे व्यापारी, बँकेतले सहकारी, सोयरे, कोणी सुटत नाही. यंदा यादी करताना लक्षात आले की चाळीस वर्षांत ज्याची खरोखर क्षमा मागायला हवी होती, त्याचे नाव या यादीत कधीच नव्हते.

मग मी हिशेब मांडला. मूळ रक्कम १४,४००. सोडलेले ६०० त्यातून वजा करावेत का, यावर मन थोडे अडले. वजा केले नाहीत. सरळ व्याज सहा टक्क्यांनी, ४० वर्षे: ३४,५६०. एकूण ४८,९६०. चक्रवाढ लावले असते तर आकडा पुष्कळच वाढला असता, हे मी जाणतो. क्षमापनेच्या दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे नवरा-बायको मामांच्या लेकीच्या गावी गेलो. तिने ओळखले. अंगणात बाज टाकली, चहा केला. मी जे सांगायचे ते सांगितले. सांगताना शब्द नीट आले नाहीत. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बा तुमच्याबद्दल कधी काही बोलला नाही." त्या वाक्याचा अर्थ काय घ्यायचा, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

पैशांचे कागद तिने घेतले आणि न पाहता फडताळात ठेवले. निघताना मात्र तिने मला थांबवले. तिचा मुलगा सोयाबीनच्या सुगीत मळणी यंत्रावर कामाला जातो. बँकेत काही विमा निघतो असे तिने ऐकले होते. "तेवढं त्याचं काढून द्या," ती म्हणाली.

त्या मुलाचा विमा त्याच आठवड्यात काढला. या सदराच्या रीतीप्रमाणे ती माहिती वाचकांसाठी देतो, कारण आपल्यापैकी पुष्कळांकडे शेत आहे, दुकानात हमाल आहेत, गोदामात माणसे आहेत. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपये लागतात. वय १८ ते ७०, आणि बँकेत किंवा टपाल कार्यालयात बचत खाते हवे. अपघाती मृत्यू आल्यास किंवा दोन हात, दोन पाय वा दोन्ही डोळे गेल्यास २ लाख रुपये, एक हात वा एक पाय गेल्यास १ लाख रुपये मिळतात. हप्ता खात्यातून वळता होतो, म्हणून मेअखेर खात्यात शिल्लक आहे का, एवढे पाहावे. चाळिशीच्या आतल्या माणसासाठी प्रधानमंत्री श्रमयोगी मानधन योजना आहे; तो भरतो तेवढेच सरकार भरते आणि साठीनंतर महिना ३,००० रुपये मिळतात. पासष्टी ओलांडलेल्या निराधारासाठी राज्याची श्रावणबाळ योजना आहे. तिचे महिन्याला १,५०० रुपये मिळतात आणि अर्ज तहसील कार्यालयात करायचा असतो. शेतकऱ्यांच्या अपघातासाठी राज्याची जी सानुग्रह अनुदान योजना आहे, ती सातबारावर नाव असलेल्यासाठी आणि त्याच्या कुटुंबातील एका सदस्यासाठी आहे. ज्याच्या नावे गुंठाभरही जमीन नाही, तो सालगडी तिच्यात बसत नाही. हे नीट लक्षात घ्यावे, कारण "सरकार देईल" असे म्हणून आपण पुष्कळदा सुटतो.

आणि या योजना म्हणजे आपली जबाबदारी फिटली असे नव्हे. वीस रुपयांचा विमा काढून देणे हे आपले काम आहे. यंत्राला झाकण आहे का, गड्याने सैल कपडे घातले आहेत का, रात्री दमलेल्या माणसाकडून मळणी करून घेतो आहोत का, हे पाहणे त्याच्याही आधीचे काम आहे. येत्या पाडव्याला साल ठरवताना रकमेबरोबर या चार गोष्टीही बोलाव्यात, आणि जमल्यास कागदावर लिहाव्यात. गडी म्हातारा झाल्यावर त्याचे काय, हाही प्रश्न त्याच बैठकीत विचारावा. तो विचारायला अवघड आहे. मी चाळीस वर्षे टाळला, म्हणून सांगतो.

दिवाळीत नात घरी आली तेव्हा मी तिला उत्तर दिले. २५० डॉलर कमीच होते. ती म्हणाली, "पण आजोबा, त्या काळाच्या मानाने?" मी तिला माळ्यावरची वही दाखवली. तिने "माफी रु. ६००" ही ओळ दोनदा वाचली आणि अक्षर कोणाचे, असे विचारले. मी सांगितले.

लक्ष्मीपूजनानंतर नव्या वहीत मी ४८,९६० रुपयांची नोंद केली. मुलगा शेजारी बसला होता. त्याने सहज सुचवले की ही रक्कम धर्मादाय खात्यावर टाकू. मी ती देणी खात्यावर टाकली.